दर ऑक्टोबरला घोड्याची पाठ का सुजते? लांब रपेटीसाठी खोगीर तपासायचा क्रम

दसरा उलटला की माझा फोन वाजायला लागतो. खारघर, पनवेल, टिटवाळा, आणि इथे घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूचे दोन-तीन तबेले. आवाज वेगळे, तक्रार एकच. "काल मुरबाडकडे ३० किलोमीटर गेलो होतो. घोडा मस्त चालला. आज सकाळी बघतो तर डावीकडे लिंबाएवढं टेंगूळ. खोगिराखाली घालायला जाड पॅड घेऊ का?"

नको. आज तरी नको.

मी पशुवैद्य नाही. नोकरी वागळे इस्टेटमध्ये आहे आणि गेली तेरा वर्षं एक मारवाडी क्रॉस घोडी सांभाळतोय, ६० इंची, नाव चंद्रा. तिच्या पाठीवर हाच घोळ मी लागोपाठ तीन वर्षं घातला. ठेच लागून शिकलो, मग ओळखीपाळखीच्यांचे घोळ निस्तरत गेलो. खाली दिलेला क्रम फुकटपासून खर्चिकापर्यंत आहे. वरून सुरुवात करा. मधल्या पायऱ्या गाळून थेट नवीन खोगीर घेतलेल्यांचा फोन पुढच्या ऑक्टोबरला हमखास परत येतो.

आता ऑक्टोबरच का? जून ते सप्टेंबर आपल्याकडे चिखल. घोडा तबेल्यात उभा, फार तर अर्धा तास फिरवणं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र चालूच. चार महिन्यांत पाठीचे स्नायू उतरतात आणि पोट सुटतं, म्हणजे मे महिन्यात ज्या पाठीवर खोगीर बसत होतं ती पाठ आता राहिलेली नसते. तिकडे खोगीर चार महिने दमट भिंतीला टांगलेलं. चामड्यावर बुरशी, आतल्या लोकरीचे गोळे. आणि मग ऑक्टोबरच्या उकाड्यात, घामाच्या धारांत, सगळ्यांना एकदम लांब जायचं असतं. तासाभराच्या सरावात हे खोगीर खपून जातं. चार-पाच तास एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि टेंगूळ येतं.

लक्षणं

पहिलं लक्षण पाठीवर दिसत नाही, तोंडावर दिसतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा कान मागे टाकतो, पोटाकडे मान वळवून दात दाखवतो. मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, म्हणतो, "नखरे करतोय." गेल्या महिन्यात करत नव्हता आणि आज करतोय, तर ते नखरे नाहीत. वर चढताना पाठ खाली टाकणं, उतारावर पाऊल आखडणं, दुडक्या चालीत एका बाजूला लगाम जड लागणं, खरारा करताना दर वेळी त्याच जागी पाठ चोरणं, हे सगळं याच यादीतलं.

खोगीर उतरवल्यावर घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि मधे कण्यावर कोरडी रेघ, हे ठीक. ओल्या पट्ट्याच्या मधोमध हाताच्या पंजाएवढा कोरडा ठिपका दिसला तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर तिथे दाब इतका की घामाच्या ग्रंथीच चेपल्या गेल्यात, नाहीतर तिथे खोगीर टेकतच नाहीये. दोन्ही वाईट, पण उपाय उलटे. त्यामुळे ठिपका बघून लगेच भर घालू नका. कुठला अर्थ खरा ते पुढे पाचव्या पायरीत कळेल.

सूज खोगीर काढल्यावर वीस-तीस मिनिटांनी येते, कारण चेपलेल्या जागेत रक्त तेव्हा परत धावतं. "मी खोगीर काढलं तेव्हा पाठ साफ होती" याला म्हणून काही अर्थ नाही. लांबून आलात तर तंग सैल करा, खोगीर पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग उतरवा. अर्ध्या तासाने हात फिरवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरवा. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, कुठलाही घोडा त्याने दचकेल. बोटांच्या सपाट भागाने, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेकडून पुठ्ठ्याकडे सावकाश दाबत जा.

विदर्स म्हणजे आयाळ संपते तिथला हाडाचा उंचवटा. त्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढरे केस दिसले तर ते जुनं दुखणं आहे. केसांच्या मुळातल्या रंगाच्या पेशी दाबाने मेल्या की तिथे रंग परत येत नाही. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बघताना दातांबरोबर ही जागाही बघा.

स्वाराचीही लक्षणं असतात. एकच गुडघा दुखणं, एक रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, लांब वाटणं, सतत पुढे किंवा मागे कललेलं असणं, उतरल्यावर कंबर धरणं. आपण याला वय म्हणतो.

एक शंका आधीच काढून टाका. पावसाळ्यानंतर कातडीचे रोग हमखास येतात, खपल्या पडतात, केस झुपक्याने निघतात. अशा खपल्या मानेवर, पुठ्ठ्यावर, पायांवर, म्हणजे खोगीर कधी टेकतच नाही अशा ठिकाणीही असतील, तर दोष खोगिराचा नाही. पशुवैद्याला दाखवा आणि तोवर त्या घोड्याचा पॅड, ब्रश, झूल दुसऱ्या घोड्याला लावू नका.

पायरी पहिली: पॅड. खर्च शून्य

पॅड उन्हात धरा आणि उलट्या बाजूने तळहात फिरवा. वाळलेल्या घामाचं मीठ, गवताचं कुसळ, शिवणीची गाठ, नीट न निघालेला साबण. एकदा डोंबिवलीच्या एका मुलाच्या पॅडमध्ये मला तुटलेल्या टाचणीचं डोकं सापडलं होतं. दुकानाच्या किमतीच्या चिठ्ठीची टाचणी. बिचारा महिनाभर घोड्याला रागावत होता.

मग घालायची पद्धत. पॅड विदर्सवर ताणून बसला तर तो वरून दोरीसारखा काचतो. खोगीर ठेवल्यावर, तंग आवळण्याआधी, पॅड पुढच्या कमानीत बोटांनी वर खेचून हवा खेळेल इतकी जागा करा. केस मागे वळलेले राहावेत म्हणून पॅड आधी थोडा पुढे ठेवून मागे सरकवायचा, पुढे कधीच ढकलायचा नाही. अशा बारीक गोष्टींतूनच, माझ्या अनुभवात, पाचातली एक तक्रार इथेच मिटते.

पायरी दुसरी: जागा आणि तंग

जवळजवळ सगळे खोगीर फार पुढे ठेवतात. आपण घोड्याच्या फोटोंवरून शिकलेलो असतो, आणि फोटोत स्वार मानेजवळ बसलेला दिसतो. खांद्याचं फावड्यासारखं हाड हाताने चाचपून शोधा. घोडा पाय पुढे टाकतो तेव्हा या हाडाचं वरचं टोक मागे सरकतं. खोगिराचा सांगाडा, ज्याला सगळे ट्री म्हणतात, त्यावर चढलेला असेल तर दर पावलाला हाड सांगाड्यावर आपटणार. ३० किलोमीटरमध्ये किती पावलं होतात ते मोजत बसू नका, फक्त खोगीर मागे घ्या. विदर्सवर ठेवून हलकेच मागे सरकवत न्या, ते आपोआप एका जागी अडेल. ती त्याची जागा. हाडाच्या मागे दोन-तीन बोटं मोकळी हवीत.

तंग कोपरापासून चार बोटं मागे. आवळल्यावर पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सपाट होते. सपाट बोटं दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने आत जायला हवीत. पहिल्या दहा मिनिटांनी पुन्हा एक भोक आवळा, कारण निघताना घोड्याने पोट फुगवलेलं असतं. खोगीर घसरू नये म्हणून तंग दोन भोकं जास्त आवळत असाल तर थांबा. खोगीर बसत नाही हे तंगाने झाकता येत नाही.

आपल्या डोंगरांत चढ-उतार बेसुमार. उतारावर खोगीर खांद्यावर येत असेल तर दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, लावा, चढावर मागे जात असेल तर छातीपट्टा. दुमची शेपटीखाली काचणार नाही इतकी सैल आणि स्वच्छ. माथेरानच्या गोल पोटाच्या, सपाट विदर्सच्या तट्टांना दुमचीशिवाय उतार जमतच नाही. त्यांच्यावर महागडं खोगीरसुद्धा पिंपावर ठेवल्यासारखं फिरतं.

पायरी तिसरी: रिकिबीचे पट्टे

दोन्ही पट्टे काढून एकाच खिळ्याला अडकवा. डावा लांब निघेल. सगळे डावीकडूनच चढतात, तो ताणतो. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी स्वार एका बाजूला बसतो, त्याचं वजन पाठीच्या एका बाजूला पडतं आणि टेंगूळ तिथेच येतं. महिन्याला पट्टे अदलाबदल करा. जमिनीवरून उडी मारून चढणं बंद करा, एखादा कट्टा शोधा. दर वेळी खोगीर डावीकडे ओढलं जाऊन सांगाडाच पिळवटतो, मग त्यावर औषध नाही.

पायरी चौथी: खोगीर उलटं करून

खोगीर उलटं मांडीवर घ्या. खालच्या दोन गाद्यांवरून, म्हणजे पॅनेलवरून, तळहात दाबत न्या. भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखं सगळीकडे सारखं दबायला हवं. खडे लागले, पोकळ खळगा लागला, एक बाजू दगड आणि दुसरी उशी अशी लागली, की ते भरण गेलं. मागून डोळा लावून मधल्या नाळीतून पुढे बघा. नाळ सरळ दिसते की वाकडी? दोन्ही गाद्या सारख्या जाड आहेत का?

इथे थोडं विषयांतर. मराठीत खोगीरभरती म्हणजे टाकाऊ माल. पण खोगिरात काय भरलंय यावरच घोड्याची पाठ ठरते. लोकर दाबली तरी पुन्हा फुगते आणि ओल धरूनही लवकर गोळा होत नाही. कापूस एका पावसाळ्यात दगड होतो. मी उघडलेल्या एका स्वस्त खोगिरात कापडाच्या चिंध्या निघाल्या, त्यांत एका शर्टाची अख्खी बाही, बटणासकट.

मग सांगाडा. पुढची कमान दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर दाबा. ती जरासुद्धा हलली, किंवा करकर आवाज आला, तर सांगाडा मोडलाय. बैठकीच्या भागात थोडी लवचिकता चालते, स्प्रिंग असलेले सांगाडे तसे असतातच, पण कमान हलता कामा नये. मोडलेलं खोगीर स्वस्तात विकूसुद्धा नका.

पायरी पाचवी: उघड्या पाठीवर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच कोणी करत नाही, कारण पॅड न घालता खोगीर ठेवायचं हे ऐकूनच लोकांना विचित्र वाटतं. घोडा सपाट फरशीवर, चारही पाय चौकोनात, मान सरळ. पॅड नाही, तंग नाही. खोगीर त्याच्या जागी ठेवा आणि लांब होऊन बाजूने बघा. बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध हवा. एक गोळी ठेवली तर ती मधे थांबायला हवी, पुढे किंवा मागे घरंगळायला नको. मी खरंच गोटी ठेवतो.

आता पुढच्या कमानीखाली बोटं घाला. विदर्स आणि कमान यांच्यात दोन-तीन बोटं हवीत, फक्त वर नाही, दोन्ही बाजूंनाही. स्वार बसून पुढे वाकल्यावरही दोन बोटं उरायलाच हवीत.

मग कोन. खोगिराच्या पुढच्या गादीखाली, खांद्याच्या मागे, तळहात सपाट घालून वरून खाली सावकाश न्या. दाब वरपासून खालपर्यंत सारखा लागला तर सांगाड्याचा कोन बरोबर. खाली हात चिमटला तर खोगीर अरुंद. वर चिमटला आणि खाली मोकळा राहिला तर खोगीर रुंद. इथे लोक हमखास फसतात. अरुंद खोगीर पुढून उंच दिसतं, भरपूर जागा दिसते आणि आपल्याला वाटतं छान बसलंय. प्रत्यक्षात ते चिमट्यासारखं वर अडकलेलं असतं आणि स्वार मागे ढकलला जातो. रुंद खोगीर पुढे खाली बसतं, स्वार पुढे घसरतो आणि कमान विदर्सवर टेकते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेले थरोब्रेड घोडे बघितलेत? माशाच्या परासारखा उंच, बारीक विदर्स. त्यांच्यावर रुंद खोगीर म्हणजे आठवड्याभरात जखम. आपले बरेचसे मारवाडीही खांद्यात अरुंद असतात. दुकानात 'सगळ्या घोड्यांना चालतं' असं सांगून मिळणारं खोगीर त्यांच्यावर खाली बसतं.

हात तिथेच ठेवून कोणालातरी पुढचा पाय उचलून पुढे ओढायला सांगा. खांद्याचं हाड मागे येईल, तुमचा हात दाबेल. हात सुटला तर घोडाही सुटेल.

आता मधला भाग. हात गादीखालून पुढून मागे न्या. पुढे घट्ट, मागे घट्ट आणि मधे पोकळ लागलं तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे. त्या घामाच्या कोरड्या ठिपक्याचा एक अर्थ हाच. सगळं वजन चार कोपऱ्यांवर, आणि मुरबाडकडे जाऊन आलेल्याचं ते लिंबाएवढं टेंगूळ बहुतेक यातल्याच एका कोपऱ्याखाली निघतं. याच्या उलट, मधे टेकतं आणि पुढे-मागे डुलतं, तर ते घोड्याच्या पाठीपेक्षा जास्त वाकडं आहे.

नाळीत तीन-चार बोटं पूर्ण लांबीभर गेली पाहिजेत, म्हणजे कण्याच्या हाडांवर काही टेकत नाही. शेवटी लांबी. शेवटची बरगडी शोधा आणि तिच्या कडेने वर कण्यापर्यंत बोट न्या. गादी त्याच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे आधाराला बरगड्याच नाहीत. घोड्याला बरगड्यांच्या साधारण १८ जोड्या असतात, पण अरबी रक्त असेल तर पाठ आखूड निघण्याची शक्यता जास्त. मोठ्या बैठकीचं खोगीर स्वाराला पुरतं आणि घोड्याला पुरत नाही, हा तिढा मला दर वर्षी दिसतो.

पायरी सहावी: मांजरपाटाची चाचणी

पांढरं मांजरपाट दोन मीटर. शे-दोनशेत येतं. घोड्याची पाठ मुद्दाम पूर्ण साफ न करता, थोडी धूळ राहू देऊन त्यावर मांजरपाट घाला, वर नेहमीचं खोगीर, आणि वीस मिनिटं चाल आणि दुडकी. काढल्यावर कापडावर मळकट ठसा उमटतो. सारखा राखाडी पट्टा दोन्ही बाजूंना, उत्तम. एक काळा डाग, तिथे दाब. पांढरा मोकळा भाग, तिथे पूल. दोन्ही बाजू वेगळ्या असतील तर स्वार बदलून तेच पुन्हा करा. डाग जागेवर राहिला तर दोष खोगिराचा किंवा घोड्याचा. डाग दुसऱ्या बाजूला गेला तर दोष तुमचा, आणि तो सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होतो. चंद्राच्या बाबतीत दोष माझा होता. बाईकच्या अपघातानंतर मी उजव्या कुशीवर कमी वजन टाकतो हे मला माहीतच नव्हतं.

कापडावर तारीख लिहून ठेवा, धुऊ नका.

पायरी सातवी: पाठीचं माप

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सामानात ती निळी वाकणारी पट्टी मिळते, फ्लेक्सिबल कर्व्ह म्हणतात. खांद्याच्या हाडामागे दोन बोटांवर ती पाठीवर आडवी दाबून घ्या, अलगद उचला, ब्राउन पेपरवर ठेवून आतल्या बाजूने पेन्सिल फिरवा. दुसरी रेघ बैठकीच्या मध्यावर, तिसरी शेवटच्या बरगडीवर. चौथी कण्याच्या बाजूने लांबीला. दहा मिनिटांचं काम.

माझ्याकडे चंद्राची सहा वर्षांची कागदं आहेत. मे महिन्याची रेघ निळी, ऑक्टोबरची लाल, एकमेकांवर काढलेली. विदर्सच्या टोकाला दोन्ही मिळतात आणि तिथून खाली येताना लाल रेघ आत जाते, दोन्ही बाजूंना एकेक बोट. म्हणजे पावसाळ्यात घोडी तिथे दोन बोटं रोड झाली. खालच्या भागात, पोटाकडे, लाल रेघ बाहेर. मोतद्दारकाकांना हे कागद दाखवले तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आणि आपण तिलाच शिव्या देत होतो." त्या वर्षापासून पावसाळ्यात तिला रोज पाऊण तास हाताने फिरवतो, चढावर, अगदी रेनकोट घालून. नंतरच्या दोन वर्षांत दोन्ही रेघांमधलं अंतर निम्म्यावर आलं.

दुरुस्ती: काय चालतं, काय चालत नाही

जाड पॅडबद्दल आता. खोगीर अरुंद असेल तर जाड पॅड म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे. मी हे केलंय. नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, त्यावर जेलचा पॅड, त्यावर मेंढीचं कातडं. संध्याकाळी एका टेंगळाची दोन झाली. खोगीर किंचित रुंद असेल, आणि घोडा कामाला लागल्यावर भरणार असेल, तरच पॅड चालतो. तोही तात्पुरता. खिसे असलेला पॅड घेऊन त्यात नमद्याचे पातळ तुकडे घालता येतात, पुढे किंवा मधे, जिथे मांजरपाट सांगेल तिथे. चार-चार आठवड्यांनी रेघ काढून तुकडे कमी करत जायचं. एकाच बाजूला भर घालून खोगीर सरळ दिसायला लागलं तर मात्र सावध व्हा, ते का ते खाली सांगतो.

सांगाडा बरोबर आणि भरण खराब असेल तर लोकर पुन्हा भरून घ्या. पूर्वी हे काम जिनगर करायचे. आता मुंबई-पुण्यात मोजके हात उरलेत, तुमच्या क्लबच्या जुन्या मोतद्दारांना विचारा. कारागिराला घोड्याच्या रेघांचे कागद आणि मांजरपाट सोबत द्या, नुसतं खोगीर देऊ नका. स्वतः उसवून भरू नका. मी प्रयत्न केलाय, दोन्ही बाजू सारख्या येतच नाहीत.

काही सिंथेटिक खोगिरांत पुढची लोखंडी पट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येते. बदलणाऱ्या पाठीच्या घोड्यासाठी, आणि आपल्या दमट हवेसाठी, मला हे प्रकरण आवडतं. चामड्याला तोड नाही हे खरं, पण ठाण्याच्या जुलैमध्ये चामडं सांभाळायला दुसरा मोतद्दार लागेल.

नवीनच घ्यायचं असेल तर

लांब अंतरासाठी खोगीर निवडताना बैठक किती मऊ आहे हे शेवटी बघा. आधी खालची गादी. ती जितकी रुंद आणि लांब, बरगड्यांच्या हद्दीत, तितकं वजन पसरतं. मग रिकिबीचा आधार कुठे लावलाय ते. तो फार पुढे असेल तर पाय पुढे, स्वार खुर्चीत बसल्यासारखा, आणि तिसऱ्या तासाला त्याची कंबर व घोड्याची पाठ दोन्ही जातात. सामान अडकवायला कड्या हव्यात, पण पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना सारख्या. रुंद तळव्याच्या रिकिबी पायाला बऱ्या.

एकूण वजनाचा हिशोब करा. स्वार, खोगीर, पाणी मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत, हा सर्वसाधारण आडाखा. ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो. तुम्ही ७४ किलो आणि खोगीर ९ किलो, म्हणजे तुम्ही आधीच बाहेर.

बिनसांगाड्याचं, म्हणजे ट्रीलेस खोगीर, सगळ्या घोड्यांना चालतं असं ऐकाल. हलका स्वार आणि गोल पाठीचा घोडा असेल तर चालतं. जड स्वाराचं वजन मात्र रिकिबीखालच्या एका पट्ट्यावर एकवटतं, आणि उंच विदर्सवर कणा उघडा पडतो.

कानपूरचा माल चांगलाही मिळतो आणि भयानकही, दोन्ही एकाच बाजारात. दोन तासांची चाचणी रपेट देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

इथे थांबा, पशुवैद्याला बोलवा

कातडी फुटली असेल, पू असेल, जागा गरम असेल, किंवा सूज दोन दिवसांत उतरली नसेल. विदर्सच्याच टोकावर सूज येऊन तिथून पाणी किंवा पू येत असेल तर हातही लावू नका. तिथला खोलवरचा संसर्ग काही वेळा ब्रुसेला या जिवाणूचा असतो, आणि तो माणसाला होतो. घोडा लंगडत असेल, उतारावर वारंवार अडखळत असेल, पाठ दाबल्यावर गुडघे टेकत असेल. आणि खोगीर सतत एकाच बाजूला घसरत असेल.

हे शेवटचं लक्षात ठेवा. पनवेलच्या एका घोड्याचं खोगीर उजवीकडे जायचं. मी तीन वेळा भर घातली, पट्टे बदलले, स्वार बदलला. सरळ दिसायला लागलं की आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी पशुवैद्याने घोडा लहान वर्तुळात दुडकीने फिरवून बघितला. मागच्या पायात लंगड होती, इतकी बारीक की आम्हाला कोणालाच दिसली नव्हती. मागच्या पायाची लंगड हे खोगीर घसरण्याचं एक नेहमीचं कारण आहे, हे मला तेव्हा कळलं. मी दीड महिना त्या घोड्याला खोगीर बदलून देत होतो.

ठाण्याच्या आसपास घोड्यांचं काम करणारे खासगी पशुवैद्य आहेत, जवळच्या तबेल्यात नंबर मिळतो. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आपलं बैलघोडा हॉस्पिटल, तेही आहे. तोवर थंड पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. हळद-तेलाचा लेप फुटलेल्या कातडीवर नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत, आणि दुखणं मारून स्वारी तर नाहीच.

परत बसायला कधी घ्यायचं

सूज पूर्ण उतरली, दाबल्यावर घोडा पाठ चोरत नाही आणि कातडी हलवली की खालच्या मांसावर मोकळी सरकते, तेव्हा. त्याआधी हाताने चालवा. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, उतरून अर्ध्या तासाने हात, सकाळी पुन्हा हात. मग दहा. मग वीस. ८० ते १६० किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या, स्पर्धांत ४० किलोमीटरपेक्षा मोठा टप्पा नसतो, आणि टप्प्याअखेर नाडी मिनिटाला ६४ किंवा त्याहून खाली आली की नाही हे बघताना पशुवैद्य पाठही दाबून बघतात. आपण १५ किलोमीटरला थांबायला हरकत नाही. तंग दोन भोकं सैल, घोड्याला पाणी, पॅडखाली हात. हाताला एका ठिकाणी बाकीच्यापेक्षा जास्त ऊब लागली तर तिथून पुढे खोगिराचं वजन घोड्यावर आणि तुमचं तुमच्या पायांवर. मागच्या कार्तिकात मी सरळगावपासून नऊ किलोमीटर असाच चालत आलो. चंद्रा मागून माझ्या खिशातला गूळ हुंगत होती.